निमखिंडीची पैज

“जावईबापू, खुर्चीवरनं उठायचं न्हाई,” असं बजावून माझ्या सासऱ्यांनी जुन्या पिकअपचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं खुपसलं.

मी लिंबाच्या सावलीत बसलो होतो. समोर स्टुलावर चहा, चिवडा आणि कापलेलं कलिंगड. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मिरजेत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं आणि दिवसातला बहुतेक वेळ माझं तोंड कुणाच्या तरी डॅशबोर्डखाली असायचं. इथे हाताच्या अंतरावर एक आजारी गाडी उभी होती, एक म्हातारा माणूस पकडीने तिची भलतीच वायर ओढत होता, आणि मी कलिंगड खात होतो. माझे हात नुसते शिवशिवत होते.

तो अधिक महिना होता. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि त्यातून माझं नाव भगवान. मामांनी हे फारच मनावर घेतलं होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सासूबाईंना मामी. धोंड्याला आलेल्या जावयाच्या हाताला ग्रीस लागलं तर कुरणवाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आल्या आल्या मी पाण्याची कळशी उचलली, तर ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि माझ्या बायकोला, मालनला, झापलं. मालनला त्याचं हसू आलं. मिरजेत मी कळशीला कधी हात लावला होता, हे तिला आठवत नव्हतं.

मामांचा धंदा रोपांचा. घरामागच्या जाळीच्या शेडमध्ये मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढवायची, पिकअपमध्ये भरायची आणि निमखिंड चढून पलीकडच्या गावांत नेऊन द्यायची. मामी बी टोकायच्या, मामा गाडी हाकायचे. दोघांचं मजेत चाललं होतं. पण दोनेक वर्षांपासून गाडीला एक खोड लागली होती. सपाटीला ती कुठेही धावायची, मात्र खिंडीतल्या शेवटच्या वळणावर, म्हसोबाच्या दगडापाशी पोचली की आचके देऊन बंद पडायची. थोडं थांबलं की परत सुरू व्हायची. वाटेवरची माणसं मामांना विचारायची, “आबा, आज दर्शन झालं का?” मामी एकदा खरोखरच तिथे नारळ फोडून आल्या होत्या. गावच्या मिस्त्रीने पंप उतरवून परत चढवला, फिल्टर बदलला, वायरी जोडल्या. म्हसोबा काही गाडीला सोडेना.

मुलगा जालिंदर पुण्याला कंपनीत होता. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी विका, नर्सरी बंद करा आणि आमच्याकडे या. माणूस वाईट नव्हता तो. भरल्या गाडीसकट चढावर अडकलेला बाप त्याच्या डोळ्यांपुढे यायचा आणि त्याला झोप लागायची नाही. पण मामांना पुण्याचं नाव काढलं तरी चालत नसे. नातवाच्या बारशालासुद्धा ते गेले नव्हते. “तकडं गेलं की परत येणं आपल्या हातात न्हाई,” असं म्हणायचे. पोरगा स्टॅण्डवर उतरवून घेणार, आणि पुन्हा एसटीत कधी बसवायचं ते पोरगाच ठरवणार, अशी त्यांना धास्ती होती. ते गेले नाहीत म्हणून मामीही गेल्या नाहीत. नातू चालायला लागला, तेही त्यांनी फोनवरच ऐकलं.

आदल्या आठवड्यात शेजारच्या घरच्या फोनवर बाप-लेकांची जुंपली आणि मामा तावातावाने बोलून गेले. रविवारी धोंड्याला ये. भरलेली गाडी एकदाही न थांबता खिंड चढवून दाखवतो. थांबली तर गाडी विकून तुझ्याकडे राहायला येतो. नाही थांबली, तर राहायला या म्हणून पुन्हा बोलायचं नाही. जालिंदर लगेच कबूल झाला. त्या गाडीची त्यालाही खात्री होतीच.

आम्ही पोचलो तो शुक्रवार होता, आणि मामा एकटेच त्या गाडीशी झुंजत होते.

तेवढ्यात हॉर्न वाजला. मामा हॉर्नपासून चांगले लांब होते. त्यांनी दचकून एक वायर सोडली, तर वायपर फिरायला लागले. मला हसू आवरेना. हसता हसता मी उठलो, आणि मामांनी पकड रोखून मला परत बसवलं.

मी खूप विनवलं. मामा, माझा धंदाच हा आहे, इथे कोण बघतंय, घटकाभर तरी बघू द्या. मामा ऐकायला तयार नव्हते. धोंड्याच्या जावयाला गाडीखाली घातलं, हे रविवारपर्यंत गावात सगळ्यांच्या तोंडी होईल, असं म्हणाले. गाडी गेली तर चालेल, पण ही गोष्ट होऊ द्यायची नाही. आवाज चढा होता, पण नजर सारखी खिंडीकडे जात होती. ते बघून माझं हसू गेलं.

मामी ओट्यावर अनारशांचं पीठ मळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, “वाण कवा द्यायचं हाय?”

“रईवारी,” मामा म्हणाले.

“मग आज हे धोंड्याचं जावई कसं? वाण दिल्यावर जावई. तंवर नुसतं मालनचं नवरा. आन लेकीच्या नवऱ्यानं घरचं काम केल्यालं चालतं.”

मामा विचारात पडले. त्यांना यात कुठेतरी खोट दिसत होती, पण नेमकी सापडत नव्हती. लोक काय म्हणतील, एवढंच त्यांनी विचारलं. लोकांना मी बघून घेते, मामी म्हणाल्या, आणि आत जाऊन मामांचा जुना पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घेऊन आल्या. तो मला घोट्याच्या बराच वर येत होता. मालन ओट्यावर बसून पोट धरून हसली. मी मात्र फार दिवसांनी सुट्टी मिळालेल्या माणसासारखा गाडीखाली शिरलो.

डॅशबोर्ड खोलला तर मागे नारळाच्या भुश्श्याचं छान मऊ घरटं. ट्रेमधला भुस्सा नेऊन उंदरांनी तिथे संसार थाटला होता आणि जेवायला वायरी होत्याच. मिस्त्रीने जमेल तसे जोड मारले होते, पण त्याच्याकडे एकच लाल रंगाचं बंडल असावं. सगळ्या वायरी लाल. कुठली कुठून निघते आणि कुठे जाते, हे त्याचं त्यालाच ठाऊक. मी त्या सगळ्या उपटल्या. मिरजेहून निघताना सवयीने डिकीत टाकलेली वायरींची पिशवी कामाला आली.

मामा बल्बची वायर धरून शेजारी उभे राहिले. मग हळूहळू विचारायला लागले, ही कशाची, ती पिवळी कुठे चालली. अंधार पडायच्या आत हॉर्न हॉर्नच्या जागी आला आणि वायपर वायपरच्या. दिवे लागले. शेवटी मी डिझेलच्या काट्याची वायर जोडली. दोन वर्षं मेलेला काटा डुगडुगत वर आला आणि अर्ध्यावर थांबला. मामांनी काचेवर टिचकी मारून बघितली. इतके दिवस टाकीत बांबूची काठी बुडवून ते डिझेल मोजत होते. त्यांनी ती काठी उचलली आणि शेडमधल्या एका वाकलेल्या मिरचीच्या रोपाशेजारी रोवली.

शनिवारी सकाळी डिझेलची लाइन घेतली. टाकी रिकामी करून धुतली, खालचा गाळ काढला, फिल्टर नवा टाकला, एका पाइपाला बारीक चीर होती तो बदलला. मग पंप मारून लाइनीतली हवा काढली. टाकीचं झाकण तेवढं मी होतं तसं परत लावलं. दर दसऱ्याला मामी त्याला कुंकू लावायच्या आणि वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा त्यावर जाड थर बसला होता. पूजेच्या जागेला कशाला पकड लावा, असं मला वाटलं.

गाडीने एका दमात आवाज धरला. असा गोल आवाज तिने कितीतरी दिवसांत काढला नव्हता, मामांचा चेहराच सांगत होता. ते म्हणाले, उद्याची वाट कशाला बघायची, आजच चढवून बघू. रोपांचे ट्रे भरले. मामी म्हणाल्या, मी पण येते. पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो.

पायथा सोडला. पहिलं वळण, दुसरं वळण. मामा गुणगुणायला लागले. काटा अर्ध्यावर होता, दिवे, हॉर्न सगळं ठीक, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. शेवटच्या वळणावर म्हसोबाचा शेंदरी दगड दिसला आणि गाडीने आचका दिला. मग दुसरा. मग ती बंद पडली.

मामी पटकन म्हणाल्या, थोडं थांबा, हुईल सुरू. आम्ही थांबलो. मामांनी सेल्फ मारला. सेल्फ जोरात फिरला, इंजिन काही धरेना. पुन्हा थांबलो, पुन्हा मारला. मी खाली उतरून फिल्टर बघितला, पाइप बघितले, कुठे गळती नव्हती. पंपाचं बटण दाबायला गेलो तर ते आत ओढल्यासारखं घट्ट. मागून एक ट्रॅक्टर आला, त्यावरच्याने मामांना हात केला आणि दर्शनाचं विचारून पुढे गेला.

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“जावईबापू, तुमच्या हाताला काय बोल न्हाई,” ते म्हणाले. “पर आदी निदान सुरू तरी व्हायाची.”

मला फार लागलं ते. उद्या या माणसाची शेड, ट्रे, गाडी सगळं जाणार, आणि जायच्या आधी शेवटचा हात माझा लागलेला. मामी दगडाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होत्या. मी त्या एका वाक्यावर अडलो. आधी सुरू व्हायची. आता होत नाही. काल आणि आज यात मी असं काय बदललं होतं?

“मामा, आधी गाडी थांबली की तुम्ही काय करायचा? सगळं सांगा, बारीकसारीक.”

“काय करनार? उतरायचं. टाकीत काठी घालून डिझेल बगायचं. झाकण लावायचं, जरा टेकायचं आन सेल्फ मारायचा.”

“आणि मिस्त्री आला की?”

“त्यो बी आदी डिझेलच बगायचा. मग काय ते खोलायचा.”

आज कुणीच डिझेल बघितलं नव्हतं. बघायचं कशाला, काटा होता ना. मी धावत टाकीपाशी गेलो आणि झाकण फिरवलं. ते हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीने बाहेरची हवा अशी आत ओढली की सुस्कारा मामांनासुद्धा सीटवर ऐकू आला.

“मारा सेल्फ,” मी ओरडलो.

पंपाचे चार दाब, आणि गाडी सुरू.

मामा खाली आले. मी त्यांना दाखवलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही, दुसरं हवेसाठी लागतं. टाकीचंही तसंच. जेवढं डिझेल जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे, आणि त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र असतं. ते बुजलं होतं. गाडी चालायची तशी टाकी आतून आवळत जायची, आणि जोर लागला की डिझेल सोडायचीच नाही. काठी घालायला म्हणून झाकण उघडलं की रोग तेवढ्यापुरता बरा. दोन वर्षं सगळ्यांनी गाडी बरी केली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

छिद्र मोकळं करायला काही टोकदार हवं होतं. मामींनी बांगडीला अडकवलेली पिन काढून दिली. मी ती छिद्रात घालून फिरवली. सुकलेले, डिझेलने कडक झालेले तांबडे कण माझ्या तळहातावर पडले.

“कशानं बुजलंवतं?” मामांनी विचारलं.

मी मामींकडे बघितलं नाही. “धुरळा असतो ना रस्त्याचा,” म्हणालो.

“धुरळा न्हवं,” मामी म्हणाल्या. “माजं कुंकू हाय ते.”

त्यांचा चेहरा पार उतरला होता. या गाडीसाठी त्या देवापुढे उभ्या राहिल्या होत्या, नारळ फोडला होता, आणि दर दसऱ्याला स्वतःच्या बोटाने तिचा श्वास बंद करत होत्या. मामा काय बोलतात याची मला भीती वाटली. माणूस तापट होता, आणि दोन वर्षं लोकांचे टोमणे खाऊन बसलेला होता.

मामांनी माझ्या तळहातावरचे ते कण बोटाने चिवडले.

“मीच सांगितलंवतं तिला,” ते मला म्हणाले. “गाडी आनली त्या दसऱ्याला. इचारत हुती, कुंकू कुटं लावू. मी म्हनलो, गाडीचं तोंड हितं हाय, हितनंच जेवती ती, हितंच लाव.” मग मामींकडे वळून म्हणाले, “चल, बस. ऊन लागंल.”

पुढचा चढ गाडीने एका दमात घेतला. माथ्यावर पोचल्यावर मामी एकदम हसायला लागल्या, आणि मग मामाही. मी मध्ये दबून बसलो होतो, दोघांच्या हसण्याने मलाच गदागदा हलायला होत होतं. इतकं सुख मला मिरजेत एखादी नवीकोरी गाडी दुरुस्त करूनसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी जालिंदर आपल्या गाडीतून आला. बायको, आणि कडेवर मामांचा नातू तेजस. चहा झाल्या झाल्या मामांनी त्याला पिकअपमध्ये बसवलं. वाण अजून व्हायचं असल्यामुळे मी मागे ट्रेंच्या मध्ये उभा राहिलो. गाडी शेवटच्या वळणावर आली, मामांनी ब्रेकला पाय न लावता म्हसोबाला एका हाताने नमस्कार केला आणि तशीच वर नेली. माथ्यावर उतरून त्यांनी पोराकडे फक्त बघितलं.

“बरं आबा,” जालिंदर म्हणाला. “शब्द म्हणजे शब्द.”

तो हसला, पण येताना काचेतून बाहेर बघत राहिला. मागून मला त्याची मान दिसत होती. पैज हरल्याचं ते दुःख नव्हतं. आईबाप आपल्याजवळ असावेत एवढंच त्याला हवं होतं, आणि ते बोलायचा हक्कही त्याने गमावला होता. जिंकलेल्यांच्या बाजूचा असूनही मला त्याचं वाईट वाटलं.

दुपारी धोंड्याचं जेवण झालं. मला पाटावर बसवून ओवाळलं, नवा आहेर दिला, अनारशांचं ताट हातात ठेवलं. मी पुरता विष्णू झालो. ऊन कलल्यावर जालिंदरची निघायची तयारी झाली. तेजस मामींच्या पदराला धरून होता, त्याला सोडवता सोडवता सुनेचे डोळे भरले. मामींनी त्याला तिच्याकडे दिलं, घरात गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. कुणाशी न बोलता पिकअपचं दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या.

“कुटं निगालीस?” मामांनी विचारलं.

“पुन्याला.”

“आगं, पैज जिकली की आपन.”

“पैज ऱ्हायला जायाची हुती,” मामी म्हणाल्या. “भेटाया जायाचं न्हाई, असं कुटं ठरलंय?”

मामा जालिंदरकडे बघायला लागले, जालिंदर मामांकडे. परत येण्याचं काय, हे मामांच्या तोंडाशी आलेलं दिसत होतं. मामींनी सीटच्या शेजारची जागा थोपटली. “परत यायला तुमचीच गाडी हाय. तुमास्नी वाटंल तवा वळवा. कोन अडवतंय?”

मामांनी शेडकडे बघितलं. मग एकदम आठवलं, रोपं. दोन वेळचं पाणी कोण देणार, सोमवारी टोमॅटोचे ट्रे न्यायला माणूस येणार.

“हे हायेत की,” मामींनी माझ्याकडे हात केला.

“वाण दिल्याल्या जावयाला पानी शेंदायला लावू?”

“वाण दिलं, जेवान झालं, इडा खाल्ला. झाला की धोंडा.”

मालनने माझ्या हातातलं अनारशांचं ताट काढून घेतलं. मामा तरीही जागचे हलेनात. तेवढ्यात जालिंदर पुढे झाला, तेजसला बायकोच्या कडेवरून घेतलं आणि पिकअपमध्ये आजीच्या मांडीवर बसवलं. तेजसने दोन्ही हातांनी हॉर्न दाबला, तो मोठ्याने वाजला, आणि पोरगं स्वतःच दचकून हसायला लागलं. मामांनी टोपी नीट केली. चप्पल झटकून ते आपल्या बाजूने आत बसले आणि खिडकीतून मला मिरचीला किती, वांग्याला किती ते सांगत सुटले. रस्त्याला लागेपर्यंत सांगतच होते. पुढे जालिंदरची गाडी, मागे पिकअप.

सोमवारी संध्याकाळी परत येतो म्हणाले होते. सोमवारी मी आणि मालनने रोपांना पाणी घातलं, टोमॅटोचे ट्रे दिले, अंधार पडेपर्यंत रस्त्याकडे बघितलं. मंगळवारीही कुणी आलं नाही. पुण्याच्या रस्त्यात गाडी बसली की काय, माझं कुठलं कनेक्शन सुटलं की काय. बुधवारी सकाळी शेजारच्या घरी जाऊन पुण्याला फोन लावला. मागे पोराचा खिदळण्याचा आवाज येत होता.

“मामा, गाडी ठीक आहे ना?”

“गाडीला काय झालंय? झाक हाय. सकाळ-सांच्याला ह्येला घिऊन चक्कर मारतो. त्येच्याबगार घास उतरना ह्येला.”

“मग येताय कधी?”

“येतो की,” मामा म्हणाले. “आता गडबड काय हाय?”